शेपटीच्या केसातला चारा

गौरीची काजळी, काजळीची चंद्रा आणि चंद्रेची शेवंती. माणसांच्या पिढ्या सांगायला अधूनमधून बैलावर बसून हेळवी येत असे आणि ओसरीवर मांडी घालून घराण्याची नावे एका दमात म्हणून दाखवीत असे. गाईंच्या पिढ्या मात्र महानंदा स्वतः सांगत असे, आणि ती सांगत असताना मध्ये कोणी बोललेले तिला खपत नसे. तीन पिढ्या तिच्या गोठ्यात नांदल्या. चौथी शेवंती, पांढऱ्या अंगाची, काळ्या गालांची, डाव्या मांडीवर विड्याच्या पानासारखा ठिपका असलेली, आता गावच्या कोंडवाड्यात उभी होती. ज्या गोठ्यात ती जन्मली तो तेथून हाकेच्या अंतरावर होता. पण तिला तेथे नेण्याचा अधिकार महानंदाला नव्हता.

गौरी मुळात या घरची नव्हे. सास्तूरच्या बाजूला भूकंप झाला त्या पहाटे महानंदाच्या घराच्या रुंद दगडी भिंती गोठ्यावर कोसळल्या आणि दावणीची जनावरे दावणीलाच गेली. गावातल्याच इरम्माची वस्ती शेतात होती. तिच्या डोक्यावर पाचटाचे छप्पर होते, आणि पाचट कोणाला मारीत नाही. माणसे पुरून होत नव्हती अशा त्या दिवसांत इरम्मा आपली दुभती गौरी घेऊन महानंदाच्या पत्र्याच्या निवाऱ्यापाशी आली.

"घे," ती म्हणाली. "लेकराबाळांचं घर हाय. दुधाबिगर कसं भागायचं?"

जन्मात कोणापुढे हात न पसरलेल्या महानंदाने ती गाय घेतली आणि चारचौघांसमोर शब्द दिला. "इरम्मा, हिच्याच रक्ताची कालवड तुझ्या खुंट्याला बांधीन. तवर मी तुझी देणेकरीण."

शब्द देणे सोपे असते, वंश चालणे आपल्या हाती नसते. गौरीला गोऱ्हेच होत राहिले, कालवड एकच, काजळी. काजळीला एकच, चंद्रा. ती देऊन टाकली तर वंश खुंटणार, म्हणून दर वेळी महानंदा म्हणे, पुढच्या वेताला. इरम्माने एकदाही मागितले नाही. न मागणाऱ्याचे देणे सर्वांत जड असते, हे महानंदाला त्या वर्षांत कळले. मग लम्पीच्या साथीत चंद्रा गेली. गोठ्यात एकटी शेवंती उरली, तेव्हा महानंदाने निमित्ते संपल्याचे स्वतःला बजावले. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, सगळा गाव शेतात जाऊन कडब्याच्या पेंढ्यांची लहानशी कोप उभारतो आणि आंबील व मिसळ भाज्यांची भज्जी जेवतो. त्या दिवशी शेवंती इरम्माच्या खुंट्याला बांधायची, असे तिने गावाला सांगून टाकले.

येळवस चार दिवसांवर आली आणि शेवंती गोठ्यातून नाहीशी झाली.

"द्यायच्या टायमालाच बरी हरवली," पिठाच्या गिरणीत बायका म्हणाल्या, आणि महानंदाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या. "पावण्याच्या गोठ्यात लपवली आसंल. म्हातारीचा जीव गाईत."

चोरी तिच्या घरी झाली होती आणि चोर तीच ठरली होती. या गोष्टीने ती आतून जळाली. पण उत्तर द्यायला तिच्यापाशी गाय नव्हती.

पुढची दिवाळी उलटल्यावर तिचा मुलगा पंचाक्षरी शेजारच्या गावी बियाणे आणायला गेला, तेव्हा राजशेखरच्या दुधाच्या गोठ्यात त्याने मांडीवरचे ते पान ओळखले. कानातला बिल्ला नवा होता आणि जुन्या बिल्ल्याच्या जागी पाळी फाटलेली होती. राजशेखर म्हणाला, कान तारेत अडकून फाटला. गाय त्याच्या घरची पैदास होती, जन्मापासून त्याच्याच दावणीला होती. राजशेखरचे दूध महानंदाच्या गावात घरोघर जात असे, त्यामुळे भांडण पोलिसांत नेणे दोघांनाही परवडणारे नव्हते. तंटामुक्ती समितीचे आण्णासाहेब मध्ये पडले. निकाल लागेपर्यंत गाय कोणाच्याच गोठ्यात राहणार नाही, असे ठरले, आणि शेवंतीला कोंडवाड्यात आणले.

कोंडवाडा म्हणजे भूकंपानंतर माणसांसाठी उभारलेल्या पत्र्याच्या निवाऱ्यांपैकी शेवटचा उरलेला. महानंदाने त्या पत्र्याखाली दोन उन्हाळे काढले होते. आता ती बाहेर उभी राहिली आणि लोखंडी जाळीतून हात घातला. शेवंती उठली, आली आणि तिच्या मनगटाला खरखरीत जीभ लावली.

"बघा," महानंदा म्हणाली. "जनावर बोलतंय."

"आक्का, वैरण घेऊन कुणीबी उभं राहिलं की ती असंच बोलते," राजशेखर म्हणाला. तो चाळिशीचा, भरघोस मिशांचा, मऊ आवाजाचा गडी होता आणि त्याचे म्हणणे खोडून काढता येत नव्हते. शेवंतीची आई मेलेली, आजी मेलेली. रक्त ताडून पाहावे तर ताडायला रक्त उरले नव्हते.

तेव्हा शिवप्रिया बोलली. ती पंचाक्षरीची मुलगी, हैदराबादला एका प्रयोगशाळेत काम करणारी, सणाला म्हणून आलेली. प्राणी काय खातात ते त्यांच्या केसांवरून, हाडांवरून ओळखायचे, हेच तिचे रोजचे काम होते. महानंदाला ते काम कधी नीट कळले नव्हते. नात पगार आणते आणि वाकून नमस्कार करते, एवढे तिला पुरेसे होते.

"आण्णासाहेब आजोबा, गाईच्या शेपटीचा केस लांब असतो," शिवप्रिया म्हणाली. "महिन्याला बोटाच्या पेराएवढा वाढतो. मुळाशी आत्ताचा, टोकाशी दीड-दोन वर्षांपूर्वीचा. जनावर जे खातं त्याची खूण केसात उतरते आणि तिथंच राहते. केसाचे बारीक तुकडे करून तपासले तर कधी काय खाल्लं ते सांगता येतं."

राजशेखर हसला. "म्हंजी शेपटी बघून जेवण सांगणार? मग माझ्या मिशीवरनं काल काय खाल्लं त्ये सांगशील का, पोरी?"

"कालचं न्हाय सांगता येणार, काका. दोन महिन्यांचं सांगेन. पण मिशी मुळापासनं उपटून द्यावी लागंल."

सगळे हसले. राजशेखरही हसला आणि त्याने मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "नात तुमची, यंत्र तुमचं. न्याव कुणाचा व्हनार?"

शिवप्रियाने तेही आधीच योजले होते. केस सर्वांसमोर काढायचे. शेवंतीचे आणि राजशेखरच्या दोन गाईंचेही. पुडक्यांवर आकडे आण्णासाहेबांनी घालायचे. तपासणी तिचे साहेब करतील, आणि कोणते पुडके कोणत्या गाईचे हे त्यांना कळणार नाही. यावर राजशेखरने मान डोलावली.

"तर मग आधीच सांगून ठेवा," आण्णासाहेब म्हणाले. "कुणी काय चारा घातला? मागनं फिरवाफिरव नगं."

"मक्याचा मुरघास आन् उसाचं वाढं," राजशेखर म्हणाला. "बारा महिने त्येच. माझ्या गोठ्यात दुसरं काय दिसलं तर गाय सोडून जाईन."

सगळ्यांची तोंडे महानंदाकडे वळली. तिने पदर सावरला.

"माझ्या दारात गंजी हाय. डोळे असतील त्यानं बघावी," ती म्हणाली. "मालदांडी ज्वारीचा कडबा. ह्या घराच्या गाईनं दुसरं काय खाल्लं न्हाय आन् खानार न्हाय."

आण्णासाहेबांनी मान हलवली. महानंदाच्या दारातली कडब्याची गंजी रस्त्यावरून दिसे. गावात एवढी उंच, एवढी कोरून रचलेली दुसरी गंजी नव्हती. मात्र शिवप्रियाचा चेहरा उतरला, आणि ते फक्त तिच्या आजीने पाहिले.

केस काढून पुडकी बांधून झाली. घरी आल्यावर शिवप्रियाने चुलीपाशी बसून समजावले. "आज्जी, मला वाटलं कडब्याबरोबर दुसरंही काही घालत असाल. आता ही तपासणी वाया जाणार. हवेतला कार्बन दोन तऱ्हेचा असतो, एक हलका, एक जरासा जड. ऊस, मका, ज्वारी, बाजरी ही एका भावकीतली पिकं. ती जड कार्बन जास्त घेतात. तूर, सोयाबीन, हरभरा, झाडाचा पाला ही दुसऱ्या भावकीतली. ती कमी घेतात. गाय जे खाईल तेच तिच्या केसात. तुमचा कडबा आणि त्यांचा मका केसात एकसारखाच दिसणार. रेघ सरळ येईल आणि राजशेखरकाकांचं म्हणणं खरं ठरेल. थांबवू का?"

महानंदा काटवटीत पीठ मळत होती. तिचा हात थांबला.

"दुसऱ्या भावकीतला चारा खाल्ला आसता तर?"

"तर सगळं स्वच्छ दिसलं असतं. केसाचं टोक वेगळं, मूळ वेगळं, आणि गाय कधी दुसरीकडं गेली तेही. पण तसं कुठं आहे?"

महानंदाने पीठ पुन्हा मळायला घेतले. "पाठव," ती म्हणाली.

"पण आज्जी..."

"पाठव म्हणले ना. तोंडाला तोंड देऊ नगंस."

दारापलीकडे पंचाक्षरी उभा होता. त्याने आईकडे पाहिले आणि नजर खाली घातली. कारण गंजीत काय आहे हे जगात दोनच माणसांना ठाऊक होते.

ज्वारी काढायला माणूस मिळेनासा झाला, रानडुकरे कणसे खाऊ लागली, तेव्हा पंचाक्षरीने सगळ्या रानात सोयाबीन आणि तूर धरली होती. या गोष्टीला तीन वर्षे झाली. शेतात ज्वारीचे ताट नाही तेथे कडबा कोठला? पण गंजी नाही अशी दाराची कल्पना महानंदाला सोसणारी नव्हती. तिची सासू म्हणत असे, सोयरे येतात ते आधी गंजी बघतात, मग मुलगी. आणि गंजी उतरली की घर उतरले. म्हणून पहिल्याच वर्षी तिने परंड्याकडून टेम्पोभर कडबा आणवला आणि मुलाकडून तुरीच्या वाळल्या काड्यांचा ढीग रचून घेतला. त्या तुराट्यांवर चहूबाजूंनी कडब्याच्या पेंढ्या अशा लावल्या की पाहणाऱ्याची नजर ठरावी. म्हातारी सगळी गंजी विकतच्या कडब्याची रचते, असे गाव समजून चालला. दर वर्षी काळ्या पडलेल्या पेंढ्या काढून नव्या लावल्या जात. त्या पेंढ्यांना हात लावायची कोणालाही परवानगी नव्हती. एक पेंढी काढली तर आतल्या तुराट्या दिसल्या असत्या. कडबा अब्रूला लागत होता. शेवंती मागच्या अंगणात सोयाबीनच्या मळणीत उरलेली गुळी, तुरीचे भुसकट आणि शेवरीचा पाला खाऊन वाढली.

आता महानंदाची स्थिती अशी झाली की जे तिला सोडवणार तेच तिला उघडे पाडणार होते. केस खरे बोलला तर शेवंती तिची ठरत होती आणि ती खोटी ठरत होती.

हैदराबादहून निकाल यायला बरेच दिवस होते. रोज दुपारी ती कोंडवाड्यापाशी जाई. समितीने ठरवलेल्या गड्याखेरीज कोणी चारा घालायचा नव्हता, म्हणून ती रिकाम्या हातांनी जाई. पत्रा उन्हाने तापे. आत शेवंती एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाई, भिंतीला शिंग लावी, वळे आणि पुन्हा तेच करी. एवढ्याच जागेत महानंदाने एके काळी चूल, अंथरूण आणि आजारी सासू मांडली होती. तेव्हा बाहेर जायला वाट होती. जायला घर नव्हते. आज घर होते, आणि त्या घराच्या दारातून आत जाताना गंजीकडे न पाहता जाणे तिला जमत नव्हते.

"अव्वा, सांगून टाकू," पंचाक्षरी एकदा म्हणाला. "आण्णासाहेबांला एकट्यालाच सांगू. आजकाल कुणाच्या घरी कडबा हाय? लोक काय म्हनत न्हाईत."

"लोक काय म्हनतेत त्ये गिरणीत जाऊन ऐक. आधी म्हनले गाय लपवली. आता म्हनतील गंजी पोकळ, घर पोकळ, शब्द पोकळ."

"मग केसात निघंल तवा?"

महानंदाने खाली पडलेली कडब्याची काडी उचलून गंजीत खोचली. आपले अडल्याचे मुलाला सांगण्याची तिला सवय नव्हती.

मधल्या काळात राजशेखर एकदा घरी आला. चहाची कपबशी हातात घेतली, गंजीचे कौतुक केले आणि म्हणाला, "आक्का, माझ्याकडं चांगल्या देवणी कालवडी हायत. एक तुमी पसंत करा, इरम्मावहिनीला द्या. तुमचा शब्द राहील, माझी गाय राहील. भांडण कशाला?"

प्रस्ताव वाईट नव्हता. कोणीही शहाण्या माणसाने तो घेतला असता. गंजीही राहिली असती.

"राजशेखर," महानंदा म्हणाली, "म्या कालवड देईन म्हणले नव्हते. गौरीच्या रक्ताची देईन म्हणले होते. चहा पी आन् जा."

तो गेल्यावर ती बराच वेळ ओसरीवर बसून राहिली. सुटकेची एक वाट तिने स्वतःच्या हाताने बंद केली होती, आणि तिला त्याचा पश्चात्ताप होत नव्हता. फक्त आता वाट एकच उरली होती.

शिवप्रिया परत आली तेव्हा येळवस जवळ आली होती. कोंडवाड्यापुढे माणसे जमली. आण्णासाहेब खुर्चीवर, राजशेखर उभा, इरम्मा एका बाजूला दगडावर टेकलेली, काठी दोन गुडघ्यांत धरून. साहेबांचा अहवाल आण्णासाहेबांच्या हाती आदल्या दिवशीच पोचला होता; पण आकडे त्यांना उलगडत नव्हते, म्हणून शिवप्रियाने खडू घेतला आणि कोंडवाड्याच्या पत्र्यावर रेघ ओढली.

"ह्या राजशेखरकाकांच्या दोन गाई. मुळापासून टोकापर्यंत रेघ वर. मका आणि ऊस. काका खरं बोलले."

राजशेखरने मिशीवर ताव दिला.

"आणि ही कोंडवाड्यातली." तिने दुसरी रेघ सुरू केली. ती वरून निघाली, तशीच बरीच पुढे गेली आणि मग एका जागी खाली उतरली. तेथून टोकापर्यंत खालीच राहिली. "मुळाकडचा भाग मका, ऊस. इथं रेघ पडते. केसाच्या वाढीवरनं मोजलं तर ही जागा गेल्या येळवशीच्या आसपासची. त्याच्या आधी ह्या गाईनं मका-ऊस जवळजवळ खाल्लेलाच नाही. शेंगवर्गातला चारा आणि झाडपाला. बांधावरचं थोडं गवत असेल."

आण्णासाहेबांनी चष्मा काढला. "म्हंजी राजशेखर, जन्मापासनं तुझ्या दावणीला न्हाय."

राजशेखरचा हात मिशीवरून खाली आला. "न्हाय," तो अखेर म्हणाला. "बाजारात घेतली. दलालानं चांगली हाय म्हनून दिली, म्या दाखला मागितला न्हाय. कान फाटलेला दिसला तवाच वळखायला पायजे होतं. चूक झाली." मग त्याने मान वर केली. "पर आण्णासाहेब, माझी नसंल, म्हनून आक्काची कशी? आक्का ह्याच जागी म्हनल्या, कडब्याशिवाय दुसरं काय खाल्लं न्हाय. पोरी, तूच सांग. कडबा खाल्ला आसता तर रेघ कशी आली आसती?"

शिवप्रियाने खडू हातातच धरला. ती आजीकडे पाहत राहिली.

"सांग," आण्णासाहेब म्हणाले.

"वरच राहिली असती. मुळापासून टोकापर्यंत."

"मग ही तिसऱ्याच कुणाची तरी," राजशेखर म्हणाला. "आक्काच्या दारातली गंजी तर सगळ्या गावानं बघितलीय."

गिरणीतल्या दोघी-तिघी मागे उभ्या होत्या. त्यांच्यापैकी एकीने दुसरीला कोपराने ढोसले. आतून शेवंतीने पत्र्याला शिंग घासले.

महानंदा उभी होती तेथेच उभी राहिली. गप्प बसणे अजून शक्य होते. गप्प बसली तर गाय राजशेखरकडे परत गेली असती, खरा मालक ठरेना म्हणून. गंजी दारात राहिली असती. आणि इरम्मा नेहमीप्रमाणे काहीच म्हणाली नसती. तिने इरम्माकडे पाहिले. इरम्मा पत्र्यावरच्या रेघेकडे पाहत नव्हती. ती जाळीतून गाईकडे पाहत होती. आपल्या घरचे माणूस दुसऱ्याच्या दारी दिसावे तशी. तिचे डोळे अधू झाले होते आणि तिने मान पुढे काढली होती.

आपण या बाईला आणखी किती येळवशी थांबवणार, असा प्रश्न महानंदाने स्वतःला विचारला नाही. तो तिच्या समोर बसलेला होता.

"पंचाक्षरी," ती म्हणाली, "दोन गडी घे आन् गंजी वढ."

"अव्वा..."

"वढ म्हणते ना. आण्णासाहेब, चला. राजशेखर, तूबी चल. तुलाच लई आवडली होती."

सगळे तिच्या मागे दारापर्यंत आले. गडी अडखळले, कोण आधी हात लावतो असे एकमेकांकडे पाहू लागले. महानंदाने पदर कमरेला खोचला, पुढे झाली आणि खालची एक पेंढी दोन्ही हातांनी ओढून काढली. मग दुसरी. तिसरीबरोबर एका बाजूचा कडबा सरसरत खाली आला आणि आतल्या काळ्या तुराट्या उघड्या पडल्या.

मागे कोणीतरी फिसकन हसले. महानंदा वळली, आणि हसणारी गप्प झाली.

"हसा," ती म्हणाली. "पोटभर हसा, एकदाच. तीन सालं ह्या घरात ज्वारी न्हाय. सोयाबीनची गुळी, तुरीचं भुसकट आन् शेवरी, ह्याच्यावर शेवंती वाढली. मागं खोपटात गुळी भरलीय, जाऊन बघा. म्या आण्णासाहेबांपुढं खोटं बोलले. ती गाय खोटं बोलली न्हाय."

आण्णासाहेब स्वतः खोपटापर्यंत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात मूठभर गुळी होती. ती त्यांनी शिवप्रियाला दाखवली. तिने मान डोलावली. "शेंगवर्ग," ती म्हणाली.

राजशेखरने टोपी काढून हातात घेतली. "न्यावी, आक्का," तो म्हणाला. "म्या वर्षभर पोसली त्याचं काय म्हननं न्हाय. पर एक सांगतो. गंजी बघून म्या आत्ता घरी जाऊन माझ्या बायकोला सांगनार होतो, आपल्याबी दारात आसली पायजे म्हनून."

"आत काय भरायचं त्ये ठाऊक झालं न्हवं?" महानंदा म्हणाली.

या वेळी हसणे वेगळे होते, आणि तिने ते अडवले नाही.

येळवशीपर्यंतचे थोडे दिवस शेवंती आपल्या गोठ्यात राहिली. अंगणात पडलेला परंड्याचा कडबा महानंदा स्वतः तोडून तिच्यापुढे टाकी. शिवप्रिया म्हणाली, "आज्जी, आता हे पण केसात उतरणार." महानंदा म्हणाली, "उतरू दे. दोन घास तरी खऱ्या कडब्याचं उतरू दे." दारापुढे गंजीची जागा मोकळी होती. तेथून रस्ता दिसे, आणि रस्त्यावरून घर दिसे. पहिल्या दिवशी तिला ते उघडे वाटले. दुसऱ्या दिवशी तिने तेथे धुणे वाळत घातले.

येळवशीच्या सकाळी ती शेवंतीला घेऊन इरम्माच्या शेताकडे निघाली. पंचाक्षरी म्हणाला, मी धरतो. तिने धरू दिले नाही. वाटेने शेतोशेती कोपी उभ्या राहत होत्या, डोक्यावर आंबिलीची भांडी घेतलेल्या बाया बांधांवरून चालल्या होत्या. काही जणी थांबल्या. महानंदा कोणासाठी थांबली नाही.

इरम्मा कोपीजवळ बसली होती. तिने डोळ्यांवर हात धरला.

"कोण गं? महानंदा व्हय? आन् संगं काय हाय, खरी गाय हाय, का वरनं कातडं आन् आत तुराट्या?"

"हात लावून बघ, म्हातारे," महानंदा म्हणाली. "चावली तर खरी."

इरम्मा काठीच्या आधाराने उठली आणि शेवंतीच्या गालावर, मानेवर, पाठीवर हात फिरवत गेली. मांडीवरच्या ठिपक्यापाशी तिचा हात थांबला.

"यव्वा," ती हळूच म्हणाली. "गौरीला बी हितंच व्हता. एवढा न्हवता. बारका व्हता."

महानंदाने खुंट्याला गाठ मारली. इरम्माने तिचा हात धरला. जनावर विकणारा आपले दावे सोडून घेतो, नुसते जनावर जाते आणि दावे घरी राहते. दावे गेले तर गोठ्याची लक्ष्मी त्याच्याबरोबर जाते, असे मानतात. महानंदाच्या गोठ्यात या गाईनंतर काहीच उरत नव्हते.

"दावं काढून घे," इरम्मा म्हणाली. "रिकाम्या गोठ्यात निदान तेवढं तरी राहू दे."

"गाय दिली, दावं ठिवलं, मग फिटलं कसं?" महानंदा म्हणाली. "अर्धं देऊन म्या जात न्हाय."

इरम्माने त्याच दाव्याला वरून आपल्या हाताने दुसरी गाठ मारली, घट्ट, आणि ओढून पाहिली.

"फिटलं, महानंदा," ती म्हणाली. "समदं फिटलं. आता बस. भज्जी थंड व्हतीया."